स्वतःचा सिद्धांत मांडताय? आधी एककं तपासा

उत्साह टिकवा, तो पुढे लागणारच आहे. पण आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाला हात घालण्याआधी प्रत्येक समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं वहीत लिहा. डावीकडे ऊर्जा, म्हणजे किलोग्रॅम × मीटर² ÷ सेकंद², आणि उजवीकडे वस्तुमान गुणिले वेग असेल, तर समीकरण तिथेच मोडलं. पुढची पानं कितीही सुंदर असोत, वाया गेली. बहुतेक नवशिके इथेच घसरतात.

मग आकडा काढा. बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त सरकते. जीपीएस उपग्रहावरचं घड्याळ, दुरुस्ती केली नाही तर, दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. तुमच्या सूत्रातून हे यायला हवं, आणि तेही सोयीचा स्थिरांक मध्ये न घुसवता.

आणखी दोन चुका टाळा:
- ‘ऊर्जा’, ‘कंपन’ हे शब्द मोजमापाशिवाय वापरणं
- कमी वेगाला न्यूटनचे नियम परत मिळतात का, हे न पाहणं

टेन्सर, म्हणजे सापेक्षतावादात लागणारं अवघड गणित, सध्या राहू द्या. १ मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे जाऊन परत येण्याच्या एका पूर्ण झोक्याचा वेळ, आधी कागदावर काढा, मग मोजा. लहान झोक्यांना तो साधारण २ सेकंद येतो. सलग २० पूर्ण झोक्यांचा वेळ मोजून २० ने भागा. एकाच झोक्यात घड्याळ दाबणाऱ्या बोटाची दिरंगाई उत्तर बिघडवते.