‘वायरी जोडायला डिप्लोमा केला का?’

प्रश्न : मुलाने 71 टक्क्यांनी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला. आता चाकणला ट्रकच्या वायरिंगचं डिझाइन ‘स्टँडर्ड’ करण्याच्या कामावर आहे. म्हणजे वायरमनचंच काम. पाहुणे विचारतात तेव्हा सांगायला लाज वाटते. मावसभावाला आयटीत मोठं पॅकेज आहे. माझे दोन टिपर आहेत, गेल्या वर्षी एकाची वायरिंग जळून गाडी आठवडाभर उभी होती. या कटकटीतून मुलाला बाहेर काढायचं आहे. राजीनाम्याचा मेल मी लिहून ठेवला आहे. मुलगा काही बोलत नाही. कम्प्युटरला थेट दुसऱ्या वर्षाला घालावं की सरकारी परीक्षा? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. ‘मुलगा काही बोलत नाही’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की संमती म्हणून? राजीनामा तयार आहे, म्हणजे संमतीच धरलेली दिसते. नोकरी त्याची, सही त्याची आणि मजकूर तुमचा! पत्रात टिपर आहेत, पाहुणे आहेत, मावसभावाचं पॅकेज आहे. त्याला हे काम आवडतं का, याची एक ओळ नाही. कमावता मुलगा घरात गप्प बसतो तेव्हा बोलून उपयोग नाही हे त्याला बहुतेक कळून चुकलेलं असतं. मला चिंता वाटते ती याची. 71 टक्क्यांची अजिबात नाही.

आता ‘वायरमनचंच काम’. (वायरमनचं काम हलकं, हेही मला मान्य नाही; पण ते राहू द्या.) ट्रकच्या एकाच चासीवर टिपर चढतो, टँकर चढतो, काँक्रीट मिक्सर चढतो. समजा 4 व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), 3 केबिन, 3 इंजिनं आणि 5 वापर धरले, तर 180 प्रकार झाले. त्यात 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनचा एसी सक्तीचा, म्हणजे विजेवर नवा बोजा. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र हार्नेस (म्हणजे कनेक्टरसकट बांधलेली तारांची जुडी) काढत बसलं, तर ड्रॉइंग वेगळं, स्पेअर वेगळा आणि चुकाही दरवेळी नव्या जागी. म्हणून हार्नेसचे भाग पाडतात : केबिनचा, चासीचा, इंजिनचा. मधल्या कनेक्टरची पिन न पिन कायमची ठरवतात. तारेचा रंग, जाडी, अर्थिंग कुठे घ्यायचं, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं नियमात बसवतात. त्यासाठी अख्खी गाडी डोक्यात असावी लागते.

तुमच्या टिपरचा एखादा चार पायांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) उपसून बघा. पायांपाशी बहुधा 30, 85, 86, 87 असे आकडे दिसतील. 30 ला बॅटरीकडून करंट येतो, 87 मधून हॉर्नला किंवा दिव्याला जातो, 85-86 मध्ये कॉइल. हे जर्मन मानकातले आकडे आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनलाही पाठ असतात. म्हणून 24 व्होल्टचा रिले कुठल्याही दुकानातून आणला तरी तो डोळे झाकून जोडतो.

जिथे असं काही ठरवून दिलेलं नसतं, तिथे काय होतं हे मी तुम्हाला काय सांगणार? जादा दिवे लावायला टेल लॅम्पची तार सोलतात, दुसरी तार तिला पिळतात, वरून काळी टेप. पावसाळ्यात पाणी आत शिरतं, तांबं हिरवं पडतं. फ्यूज उडायला लागला की 10 च्या जागी 30 चा घालतात. फ्यूज असतो तारेला वाचवायला. मोठा घातला की फ्यूज टिकतो आणि तार जळते. बॉडी बांधणाऱ्यासाठी कंपनीनेच वेगळा कनेक्टर आणि त्याचा स्वतंत्र फ्यूज ठेवला, तर तार सोलायची वेळच येत नाही. स्टँडर्ड करण्याच्या कामात हेही येतं. तुमच्या टिपरची वायरिंग कशाने जळली, हे मुलाला कधी विचारलंत का?

राहिले कोर्स. डिप्लोमावर महावितरणची भरती आहे, थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे, पदवीनंतर एमपीएससी आहे. हे सगळं त्यालाही माहीत असणार. कम्प्युटरचा हट्ट मात्र सोडा. पुढे शिकायचंच असेल तर नोकरी सांभाळून इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घ्यावी. ट्रकमधले कंट्रोलर, म्हणजे छोटे कम्प्युटरच, एकमेकांशी कॅन बसच्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात; जड वाहनांत त्यासाठी जे1939 हे मानक चालतं. ते त्याने नीट शिकावं. आणि नुसतं स्क्रीनसमोर न बसता अधूनमधून लाइनवर उभं राहून क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं) आणि फिटिंग बघावं. कागदावर सरळ गेलेली तार गाडीत सायलेन्सरला टेकते, हे तिथेच कळतं.

एक शंका मात्र मलाही आहे. तो कंपनीच्या पेरोलवर आहे की कंत्राटावर? स्वतः डिझाइन करतो की जुन्या ड्रॉइंगवर फक्त रिव्हिजन नंबर बदलतो? नुसते नंबरच बदलत असेल आणि वर्षभरात काम बदलून मिळणार नसेल, तर त्याने याच क्षेत्रात दुसरी कंपनी शोधावी. हे प्रश्न कंपनीत त्यानेच विचारायचे आहेत. तुम्ही त्याच्या मॅनेजरला फोन करू नका.