केस उपटण्याची सवय आणि घरातले बालपण

वडिलांच्या संतापी स्वभावामुळेच आपण केस उपटू लागलो, असे तुम्ही लिहिले आहे. तो ताण खरा आहे आणि त्याविषयी समुपदेशकाशी जरूर बोलावे. परंतु सगळे मूळ तिथेच आहे असे धरून बसू नका. केस उपटण्याचा हा विकार, म्हणजे ट्रायकोटिलोमेनिया, बहुधा १० ते १३ या वयात सुरू होतो, त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, आणि प्रेमळ घरांतल्या मुलांनाही तो होतो. माझ्या मते घरच्यांचे वागणे सुरुवातीपेक्षा पुढच्या लाजेला अधिक कारणीभूत ठरते: पाहुण्यांदेखत "डोक्यातला हात काढ" म्हणून खेकसणे, उशीवरचे केस उचलून दाखवणे. त्याने मूल थांबत नाही, न्हाणीघराची कडी लावून तेच करू लागते.

म्हणून भूतकाळाचा उलगडा होण्याची वाट न पाहता, मानसशास्त्रज्ञ अझरिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय बदलण्याची उपचारपद्धती जाणकार मानसोपचारतज्ज्ञाकडून शिकून घ्या. हात केव्हा, कुठे बसल्यावर, कोणत्या मनःस्थितीत केसांकडे जातो (माझा वाचताना, कानामागे) याची नोंद ठेवायची, आणि ओढ जाणवताच ती ओसरेपर्यंत मूठ आवळून धरायची. बोटे खरखरीत केस शोधत असतील तर बोटांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. उपटलेले केस गिळत असाल तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा, कारण पोटात त्यांचा गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.