जुनी जेट बोट: आधी ट्रान्सम आणि स्ट्रिंगर, मग पंप, इंजिन सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न नीट वाचला. १९७६ ची १८ फुटी फायबरग्लासची बोट, फोर्ड ४६० इंजिन, मागे बर्कलीचा जेट पंप (प्रोपेलरऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणारा), मेटल फ्लेकचा (धातूच्या चमचमत्या कणांचा) रंग फिका पडलाय, मागच्या सीटजवळ फ्लोअर पायाखाली दबतो, आणि तुमच्या डोक्यात आहे ४६० काढून एलएस (शेव्हरोलेचं व्ही८ इंजिन) बसवायचं, वर पूर्ण नवा पेंट मारायचा आणि पुढच्या सीझनला फिनिक्सहून लेक हवासूला (कोलोरॅडो नदीवरच्या तलावात) न्यायची. सुरुवात कुठून करू असं विचारलंय. सुरुवात त्या दबणाऱ्या फ्लोअरपासून करा, आणि तिथलं काम संपेपर्यंत इंजिनवर एक डॉलरही घालू नका.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात टेलर, सँगर, हॅलेट, ताहिती अशा कितीतरी नावांच्या बोटी बनल्या, आणि त्यांची फायबरग्लासची कवचं आजही दणकट आहेत. सडतं ते आतलं लाकूड. तळाला लांबीने जाणारे स्ट्रिंगर आणि मागची ट्रान्समची भिंत, दोन्हीकडे आत लाकूड किंवा प्लायवूड असतं आणि वरून फायबरग्लास गुंडाळलेला असतो. कुणीतरी कधीतरी सीटचे, फ्लोअरचे, इंजिन माउंटचे स्क्रू सीलंट न लावता मारलेले असतात, त्या भोकातून पाणी आत जातं आणि वर फायबर असल्यामुळे ते कधी सुकत नाही. बाहेरून सगळं चकाचक दिसतं. जेट बोटीत हे जास्त महत्त्वाचं, कारण इंजिन स्ट्रिंगरवर बसतं आणि पंप ट्रान्समला बोल्ट केलेला असतो आणि दोघांच्या मध्ये फक्त एक छोटा ड्राइव्हशाफ्ट. गिअरबॉक्स नाही. स्ट्रिंगर किंवा ट्रान्सम मऊ पडला की अलाइनमेंट गेली, मग युनिव्हर्सल जॉइंट, पंपाचं बेअरिंग, पॅकिंग (शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं सील) सगळं एकामागोमाग खराब होत जातं, आणि त्या अवस्थेत जास्त पॉवरचं इंजिन बसवलं तर ते लवकर होतं, एवढाच फरक.

तपासायचं कसं ते सांगतो. हातोडीच्या मुठीने स्ट्रिंगर आणि ट्रान्सम आतून ठोकत जा, चांगल्या जागी कडक टणटणीत आवाज येतो, सडलेल्या जागी धप्प. पण आवाजावर भागवू नका. पाव इंचाच्या ड्रिलने आतल्या बाजूने, पलीकडचा फायबर न फोडता भोकं पाडा, विशेषतः पंपाच्या बोल्टांजवळ, ड्रेन प्लगच्या आजूबाजूला आणि इंजिन माउंटच्या खाली. ड्रिलला लागून येणारा भुसा हातात घ्या. पिवळसर, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, बोटांत चोळला की चिखलासारखा होणारा आणि कुबट वास मारणारा असेल तर गेलं. नंतर ती भोकं इपॉक्सीने बंद करायची. तुमचा फ्लोअर दबतोय म्हणजे खालचे स्ट्रिंगर चांगले असतील अशी आशा मी तरी ठेवणार नाही.

बदलायचे झाले तर सगळे एकदम कापू नका, कृपा करून. स्ट्रिंगर काढले की तळाला आकार धरून ठेवणारं काही उरत नाही, ट्रेलरच्या दोन फळ्यांवर बोट असेल तर तळ तिथेच वाकतो. आधी खालून जागोजागी आधार द्या, मग तळावर मागच्या चार-पाच फुटांत लांब सरळ पट्टी धरून बघा. आत गेलेला तळ म्हणजे हुक, बाहेर फुगलेला म्हणजे रॉकर, आणि दोन्ही बोटीचं चालणं बिघडवतात. पंपाच्या इनटेकच्या पुढचा भाग तर अगदी साफ हवा, तिथे खाच-उंचवटा असेल तर पाण्याबरोबर हवा आत ओढली जाते. मग पंपाच्या शाफ्टच्या रेषेत दोरी ताणून इंजिनची उंची मोजून लिहून ठेवा, जुन्या स्ट्रिंगरचा कार्डबोर्डचा साचा काढा, आणि एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी हातात घ्या.

रेझिनचं (फायबरग्लासचं कापड चिकटवून कडक करणाऱ्या द्रव्याचं) म्हणाल तर, पॉलिएस्टर स्वस्त आणि मूळ बोट त्याचीच बनलेली, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सीची पकड चांगली. मी स्ट्रिंगर आणि ट्रान्समला इपॉक्सीच वापरा म्हणेन. दोन गोष्टी लक्षात ठेवा. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधला (तुकडे केलेल्या काचतंतूंच्या चटईतला) बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून इपॉक्सीबरोबर शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड घ्या, १७०८ नंबरचं मिळतं ते चालतं. दुसरं, इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो, तो साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवून मगच सँडिंग करायचं, नाहीतर तो थर तुम्ही कागदाने आत घासता आणि पुढचा थर धरत नाही. स्ट्रिंगर तळाला काटकोनात टेकवू नका, कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरा म्हणजे कापड न मोडता वळतं. पाणी वाहून जायला खालची भोकं ठेवा आणि त्यांच्या आतल्या कडाही इपॉक्सीने सील करा, सगळ्यांत जास्त हेच राहून जातं. आणि तुम्ही फिनिक्सच्या उन्हात आहात, गॅरेजमध्ये दुपारी काम काढलं तर रेझिन हातातच उकळेल. पहाटे करा, स्लो हार्डनर (इपॉक्सी सावकाश घट्ट करणारा) घ्या, मिसळलं की खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. ग्राइंडिंगला चांगला रेस्पिरेटर आणि पूर्ण बाह्यांचा सूट, यात काटकसर नको, ती धूळ फुप्फुसात जाण्याची गोष्ट नाही.

ट्रान्समचं काम करताना बाहेरच्या बाजूला उजवीकडे वरती कोरलेला १२ अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) असेल (नोव्हेंबर १९७२ पासूनच्या बोटींना तो असतो), तो ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका, कागदपत्रांत फार त्रास होतो.

आता पंप. ही कल्पनाच न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनची, तिथल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत प्रोपेलर टिकत नाही म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात जेट बोट बनवली, आणि १९६० मध्ये त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. तुमचं हवासू त्याच नदीवर आहे! मला अजूनही हे भारी वाटतं. तर, पंपाचा सगळा जीव इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि त्याभोवतीच्या वेअर रिंगमधल्या फटीत असतो, ती थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) मोजायची असते. वाळू ओढून ओढून ती वाढते आणि पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे परत गळतं, इंजिन ओरडतं, बोट जात नाही, आणि लोकांना वाटतं इंजिन कमी पडतंय. वरचं हँड होलचं झाकण उघडून टॉर्चने इंपेलरच्या पात्यांच्या कडा बघा, चावल्यासारख्या असतील तर पंप उतरवून नीट काम करून घ्या. त्या झाकणाची ओ-रिंग तर आजच नवी टाका, तिथून हवा शिरली तरी बोट घसरल्यासारखी चालते. पॅकिंग ग्लँडमधून चालताना थेंब थेंब पाणी येणं बरोबर आहे, ते पूर्ण बंद होईपर्यंत नट आवळू नका, शाफ्ट जळेल.

इंजिनाबद्दल एकच हिशोब सांगतो. पंप जी पॉवर खातो ती आरपीएमच्या घनाने वाढते. म्हणजे तोच इंपेलर ४,५०० वरून ५,००० ला फिरवायचा तर आरपीएम वाढले ११ टक्के पण पॉवर लागणार ३७ टक्के जास्त. म्हणून जेट बोटीत इंजिनवर ओतलेल्या पैशाचा वेग फार थोडा मिळतो. निरोगी ४६० आणि ताजा पंप ही जोडी १८ फुटी बोटीला भरपूर आहे. एलएस वाईट नाही, हलकं आहे, बोटीचं मागचं वजन कमी होतं, पण माउंट, वायरिंग, इंधनाची लाइन, एक्झॉस्ट सगळं नवं करावं लागतं, ते पुढच्या हिवाळ्यात बघा. ४६० ठेवलंत तर अल्टरनेटर, स्टार्टर, कार्ब्युरेटर, फ्युएल पंप मरीनचेच हवेत, गाडीचे स्वस्त पडतात म्हणून लावू नका. बंद इंजिन बेमध्ये पेट्रोलची वाफ साचते आणि एक ठिणगी पुरते. ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) अमेरिकेत सक्तीचा झाला तो ऑगस्ट १९८० पासूनच्या बोटींना, तुमच्या बोटीत मुळात नसेलही, तरी बसवा आणि स्टार्टरला हात लावण्याआधी चार मिनिटं चालवा. थंड करायचं पाणी पंपातूनच येतं आणि फुल थ्रॉटलला त्याचं प्रेशर खूप चढतं, म्हणून लाइनमध्ये प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आहे का बघा. घरी पाइप लावून टेस्ट करताना आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. आणि जमिनीवर जास्त वेळ चालवू नका, पंप कोरडा फिरतो.

पेंट मारू नका हो. तो मेटल फ्लेक पेंटखाली झाकला जाईल. फ्लेकच्या वर जाड क्लियर जेलकोट (रेझिनचा पारदर्शक थर) असतो, मळतो आणि धुरकट होतो तो तोच. कोपऱ्यात एक वीतभर जागा ८०० च्या वेट पेपरने, मग १०००, १५००, २००० आणि कंपाउंड असं करून बघा. पेपर मारताना पाण्यात चमचम दिसू लागली तर तिथेच थांबायचं, म्हणजे तुम्ही फ्लेकपर्यंत पोचलात.

पाण्यात उतरवल्यावर घरच्या सगळ्यांना एक गोष्ट शिकवा, थ्रॉटल सोडला की जेट बोटीचं स्टिअरिंग जातं. रडर नसतो, पाण्याचा झोत हेच सुकाणू. समोर काही आलं की घाबरून पाय काढला जातो आणि बोट सरळ त्यावरच जाते. वळायचं तर थोडा गॅस हवाच, मोकळ्या पाण्यात हे मुद्दाम करून बघा.

तेवढं ड्रिलच्या भुशाचे फोटो टाका, आणि पंपावर १२जेसी, १२जेई की १२जेजी काय लिहिलंय ते सांगा, मग इंपेलर कुठला ठेवायचा ते बोलू.