वर्गात टाइप वन डायबेटिसची एक मुलगी आहे. स्नेहसंमेलनात तिच्या धैर्याचा सत्कार करावा का?

करा. पण आधी तिला विचारा, आणि कार्यक्रम वेळेत उरका. दुसरी सूचना हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे त्यावरूनच रामायण झालं.

माझी लेक सातवीत आहे, निदान सहाव्या वर्षी झालं. रोजच्या चार सुया, बोटं टोचायची ती वेगळी. गेल्या वर्षी शाळेने ‘शूर बालिका’ म्हणून तिचा सत्कार ठरवला. त्या दिवशी दीड वाजता तिने पूर्ण डब्याच्या हिशोबाने इन्सुलिन घेतलं आणि नाचाच्या तालमीपायी डबा अर्धाच खाल्ला. तीनचा कार्यक्रम, प्रमुख पाहुणे आले पावणेचारला. त्यांनी भाषणाची सुरुवात शिवजन्मापासून केली तेव्हाच मी घड्याळ बघितलं.

लेक स्टेजवर खुर्चीत. तळहात सारखे फ्रॉकला पुसत होती. घाम, म्हणजे शुगर लो, रक्तातली साखर उतरली. मी उठायला लागलो तर बायकोने मनगट धरलं, "तिचं ती बघेल." तिने खिशातून ग्लुकोजची पुडी काढली. विंगेतून सरांनी हातानेच खुणावलं, नंतर, नंतर. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि अख्खी पुडी तोंडात रिकामी केली. हनुवटी पांढरी झाली, पोरं खिदळली. पाहुणे माईकवरच म्हणाले, "भूक लागली वाटतं!" तर ही म्हणते, "शुगर लो झालीये. पंधरा मिनिटं थांबा."

मग शाल, श्रीफळ, ट्रॉफी. मानपत्रात होतं, ‘हसतमुखाने सुया घेते.’ पहिले दोन महिने ती मला चावायची.

माझं मत रोखठोक आहे. सुया घेणं हे धैर्य नव्हे, त्याला पर्यायच नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जास्त जगवत. ती मुलं काय भित्री होती? त्यांच्याकडे इन्सुलिन नव्हतं, एवढंच. धैर्य लागतं ते सर ‘नंतर’ म्हणत असताना पुडी फोडायला. मानपत्रात त्याबद्दल ओळ टाका.

आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, हे कधी पटलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात लेक माझ्याशेजारी पंगतीला बसली होती. तिने इन्सुलिनचं पेन काढलं तर अण्णा कानाशी येऊन म्हणाले, "आत जाऊन घे. मुलीची जात आहे, चार लोक बघतात, उद्या स्थळं यायची आहेत." तेव्हा ती आठ वर्षांची! ती उठली आणि बाथरूममध्ये जाऊन सुई घेऊन आली, आणि मी मुकाट जिलबी वाढून घेत बसलो. ते मला अजून खुपतं. तेच अण्णा संमेलनात पहिल्या रांगेत होते, आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर शालीतला फोटो, ‘आमची वाघीण’.

तर तुमच्यासाठी: टेबलाच्या खणात ग्लुकोज ठेवा. पीटीच्या सरांना सांगून ठेवा, पळण्याआधी ती काही खाईल, ओरडू नका. तासाला पाणी प्यायला किंवा बाथरूमला उठली तर कारण विचारू नका. परीक्षेला खाऊ जवळ असू द्या, सीबीएसईने २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या अशा मुलांना ही मुभा दिली आहे. आणि ‘गोड जास्त खाल्लं असेल’ म्हणणाऱ्या पालकांना बाईंनीच गप्प करावं. टाइप वनचा गोड खाण्याशी संबंध नाही, शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं.

हे सगळं एका मुलीवरून सांगतोय. थॅलेसेमियाच्या किंवा व्हीलचेअरवरच्या मुलांचं वेगळं असेल. काहींना सत्कार मनापासून आवडतोही. आमच्या बाईसाहेबांनी ती ट्रॉफी अभ्यासाच्या टेबलावर ठेवली आहे, हात लावू देत नाहीत. सुयांचे वापरलेले कॅप त्यातच टाकतात.

अण्णा, तुम्ही हे वाचणार, कारण बायको लिंक पाठवणार आहे. मेमध्ये पुतण्याचं लग्न आहे. लेक पंगतीतच सुई घेईल, आणि या वेळी मी तिच्या शेजारी बसून जिलबी किती युनिट इन्सुलिनची ते मोजणार आहे.