"ती रात्री कुणाबरोबर लिहीत बसते हो?"

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या आयांनी विचारलाय की आता पुढचं वाक्यही पाठ झालंय, "आणि तेही दुसऱ्याच्याच पात्रांवर!" म्हणून माझ्या समुपदेशनातली एक केस सांगते, तपशील बदललेत.

मुलगी अकरावीत, आई घरी ब्लाउज शिवते. पहिल्या दिवशी आईच बोलत होती, मुलगी खिडकीकडे बघत. मी तिला एवढंच विचारलं, "तुझा बीटा कोण आहे?" झटकन मान वळली. फॅनफिक्शनवाले, म्हणजे दुसऱ्याच्या कथांतली पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी लिहिणारे, नवा भाग साइटवर टाकायच्या आधी ज्याला वाचायला देतात आणि जो चुका काढतो तो बीटा (मलाही हा शब्द आधीच्या एका क्लायंटनेच शिकवलेला, पण तो लक्षात ठेवला हे माझं!). हिची बीटा दुसऱ्या देशातली, म्हणून रात्रीची वेळ.

तिसऱ्या भेटीत तिने आपणहून आईपुढे मोबाईल धरला. एक परिच्छेद आणि बाजूला कॉमेंट्सची रांग. एक तिने मराठीत करून सांगितली, "आजी लगेच माफ कशी करते? मागच्या भागात तर बोलतही नव्हती."

"मग तू काय केलंस?"

"परत लिहिलं. चार वेळा."

"म्हणजे उसवलंस की," आई म्हणाली. मग जरा घुश्शातच, "ती सांगते तर उसवतेस, आणि मी काही सांगितलं की दार आपटतेस?"

"ती आधी काय छान झालंय ते सांगते, आई."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला दहा वर्षं लागलीत. पण तेव्हाच मला कळलं की पोरगी टीकेपासून पळत नव्हती, जिथे ती नीट मिळते तिथे जात होती.

आईचं मनातलं वाक्य होतं, "स्वतःचंच लिहायला हवं." मी नेहमी सांगते, आधी तो 'च' काढा. उसन्या पात्रांवरच्या लिखाणाची 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही साइट स्वयंसेवक चालवतात, २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा-फँटसीच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय, त्यामुळे नुसती नक्कल म्हणून उडवून लावू नका. पण डोळेही मिटू नका. तिथे मोठ्यांसाठीचं लिखाणही भरपूर असतं, कथेच्या वर रेटिंग आणि टॅग असतात ते मुलांबरोबर बसून बघा. खरं नाव, कॉलेज, फोटो द्यायचा नाही. आणि कुणी "घरी सांगू नकोस" म्हणालं की तिथेच थांबायचं, हे आधीच बोलून ठेवा. जागरणाचं तर सोपं होतं, कॉमेंट्स सकाळपर्यंत कुठे पळून जात नाहीत, दोघींनी एकाच वेळी जागं राहायची गरजच नव्हती, अकराला फोन बाहेरच्या खोलीत हे तिनेच ठरवलं, आईने नाही.

परवा आईचा मेसेज आला, "मॅडम, सातवा भाग झाला. आजीने अजून माफ केलेलं नाही."