आजोबांचे मोडी कागद स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करायचेत. सुरुवात कुठून करू?

ट्रंकेत मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सापडलेत, घरात साधा स्कॅनर आहे आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद टाकले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका. आणि एवढ्यात रुमालाची गाठही सोडू नका. ती घाई मला नडलीय.

२०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आत्याच्या घरात पाणी शिरलं. माळ्यावरचं दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, वाचलं, पण सर्दावलं. मी सगळं सोडून पंख्याखाली पसरलं आणि मोबाइलवर धडाधड फोटो काढले. मोडी वाचणाऱ्या काकांनी एक कागद उचलून विचारलं, "हा कुठल्या घडीतला?" मी गप्प! एका घडीतले तीन-चार कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात. ती घडी मोडली की निम्मी माहिती गेली.

म्हणून आधी रुमालाचा बांधलेला फोटो घ्या, मग एकेक घडी उलगडा. फाइलचं नाव 'रुमाल१_घडी०७_कागद०३_पाठ' असं द्या. पाठीमागची बाजू कोरी दिसली तरी घ्या. मजकुराचा सारांश किंवा शिक्का तिथंच सापडतो. सन फसली (महसुलासाठी वापरली जाणारी जुनी कालगणना) असेल तर तसाच नोंदवा. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो.

कागद ओढून घेणारा स्कॅनर अजिबात नको. ठिसूळ कागदाला स्टँडवर लावलेला कॅमेरा बरा, फ्लॅश बंद. स्कॅनर सपाट काचेचा असेल तर ४०० डीपीआय (एका इंचात ४०० ठिपके), रंगीत, टिफ (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी फाइल). ए४ आकाराचं एक पान सुमारे ४५ एमबी होतं, त्यामुळे लोकांसाठी वेगळी जेपीईजी काढा. टिफच्या प्रती दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. (पूर आला की हे पटतं.) जुनी शाई काजळाची, पाणी लागलं की पसरते, तेव्हा ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका. लॅमिनेशन तर नकोच.

नेटवर सरसकट सगळं टाकू नका. वाटणीपत्रं, कर्जाचे कागद असतील तर आधी भाऊबंदांना विचारा. संस्थानी दप्तर कसं बांधून ठेवतात ते बघायचं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात एक चक्कर मारा.

आत्याच्या दप्तरातले अकरा कागद कुठल्या घडीतले, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.