तेल की पाणी?

प्रश्न : रात्री जेवणं झाली की मी 'फोर्ज्ड इन फायर' लावतो, म्हणजे पाती घडवणाऱ्या लोहारांच्या स्पर्धेचा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम. चौघांतला एक 10,000 डॉलर नेतो. तिथं लालभडक पातं तेलात बुडवतात. आमचे लोहारबुवा विळ्याला पाणीच पाजतात. असं का? – एक शेतकरी, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, मीही तो कार्यक्रम पातं तेलात बुडवण्याच्या क्षणासाठीच पाहतो, पातं तपासायला डुकराच्या धडावर केलेले वार मात्र मला पाहवत नाहीत. पाणी लालभडक पोलादाला एकदम थंड करतं, मग पातळ पातं वाकतं नाहीतर तडकतं. तेल सबुरीनं घेतं. तुमचे लोहारबुवा कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या) विळ्याची नुसती धारच बुडवत असतील, पाहा. पाठीतली धग मागाहून धारेकडे उतरते. धार घासून चकचकीत केली, की त्या जागी रंग दिसतो; गवती पिवळा चढला, की पुन्हा पाण्यात. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते. हा रंग उन्हात दिसत नाही, म्हणून भाता सावलीत!